चार बोटांवरून डोरलं

पार्सल आलं तेव्हा नंदकिशोर स्टुडिओच्या पायरीवर उभा होता. बसलेला नंदकिशोर दारव्ह्यात फारसा कुणी पाहिलेलाच नाही. टपरीवर बाक मोकळा असला तरी हा उभ्यानेच चहा संपवतो, लग्नाच्या पंगतीत दोन घास खाऊन कॅमेरा उचलतो, आणि न्हाव्याच्या खुर्चीतही त्याचा एक पाय हलत असतो. त्याचे आजोबा तहसिलीत होते, वडील कोर्टात कारकून. त्या घरातली माणसं खुर्चीत बसायची आणि खुर्चीतूनच निवृत्त व्हायची. नंदकिशोर तशाच एका नोकरीच्या परीक्षेला म्हणून यवतमाळला गेला आणि येताना जुना कॅमेरा घेऊन आला. वडील त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. त्यालाही ते आठवड्यानंतरच कळलं, कारण तो घरात थांबलाच नव्हता.

मग त्याने पाट्या रंगवल्या, केबलच्या तारा ओढल्या, झेरॉक्सचं मशीन आणलं, लग्नाचे व्हिडिओ केले. धंदा जरा बसला, की त्याच्या पायाला मुंग्या यायच्या. टिकला तो फक्त फोटो. पण आता पासपोर्टचे फोटो लोक घरीच मोबाइलवर काढतात, आणि लग्नं ड्रोनवाल्या पोरांनी नेली. पुण्यात नोकरी करणारा मुलगा अनिमेष दर रविवारी फोनवर तेच म्हणतो, "बाबा, शटर ओढा आणि या इकडे." नंदकिशोर एकदा जाऊन आला होता. आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हॉल ते गॅलरी, गॅलरी ते हॉल अशा येरझारा त्याने घातल्या, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, कुणाची तब्येत बरी नाही का. परत येताना एसटीत चढल्यावर त्याला मोकळा श्वास घेता आला. पण या दिवाळीनंतर काम नसेल तर जावं लागणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याची बायको रत्नप्रभा हिलाही ठाऊक होतं. दोघं त्यावर बोलत नव्हती.

म्हणून बाबाराव सराफाचा निरोप आला, तेव्हा तो निरोप सांगणाऱ्याच्या आधीच दुकानात पोचला.

"नंदूभाऊ," बाबाराव गादीवरून म्हणाले, "तुळशीचं लग्न झालं का सीजन सुरू होते. मले समद्या दागिन्याचे फोटो पाह्यजे, मोबाइलवर टाकाले. असे का बाईले फोटोतूनच उचलावा वाटला पाह्यजे. यवतमाळचा एक जन सोमवारी नमुने दाखवाले येऊन राह्यला. तुमी बी आना. ज्याचे चांगले, त्याचं काम."

नंदकिशोरकडे दागिन्याच्या जवळ जाणारी लेन्स नव्हती. मोठ्या कंपनीची मॅक्रो लेन्स त्याच्या आवाक्याबाहेर. शोधता शोधता एक स्वस्तातली सापडली, नवख्या कंपनीची, पूर्णपणे हाताने चालवायची. परत पाठवायची मुदत मंगळवारपर्यंत. सोमवारी काम मिळालं तर लेन्स राहील, नाही तर मंगळवारी ती परत जाईल आणि तिच्या मागोमाग, बहुतेक, आपणही, असा त्याने हिशेब मांडला होता.

खोकं त्याने पायरीवरच फोडलं.

"आलं का तुमचं नवं खेळनं?" स्टुडिओच्या मागेच घर होतं, तिथून रत्नप्रभा लसूण सोलत बाहेर आली.

"खेळनं नाई वं. मॅक्रो लेन्स हाय. जवळचं मोठं दिसते."

"चष्म्यातून बी दिसते. माह्या चष्म्याची काडी लावून आना म्हनलं, तं महिना झाला."

लेन्स हातात जड लागत होती, नुसती काच आणि धातू. नंदकिशोरला ते आवडलं. कॅमेऱ्याला लावली, बटण दाबलं, काहीच झालं नाही. पडद्यावर एवढंच आलं, की लेन्स जोडलेली नाही. त्याने ती काढली, फुंकली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. तो रस्त्यापर्यंत जाऊन परत आला आणि अनिमेषला फोन लावला.

"बाबा, त्या लेन्समध्ये इलेक्ट्रॉनिक काही नाहीच, तर कॅमेऱ्याला ती कळणार कशी? मेनूत जा. लेन्स नसतानाही शटर चालू ठेवायची एक सोय असते."

"मंग खोक्यावर लिहाले काय झालतं त्याइले?"

सोय सापडली आणि बटण वाजलं. मग त्याने हाताला लागेल त्याचा फोटो काढायचा सपाटा लावला. काडेपेटीतल्या काडीचं टोक, तुरीचा दाणा, खिडकीत मरून पडलेली माशी, स्वतःच्या अंगठ्याचं नख. पहिल्या तासात त्याला तीन गोष्टी कळल्या. वस्तू फोटोत खऱ्याएवढी मोठी हवी, तर लेन्स तिच्यापासून चार बोटांवर न्यावी लागते, आणि मग लेन्सचीच सावली वस्तूवर पडते. दुसरं, इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा भाग कागदाच्या जाडीएवढाच. माशीचा डोळा आला की पाय धूसर, पाय आले की डोळा. तिसरं, फोकसची रिंग फिरवून उपयोग नाही. रिंग एका जागी ठेवायची आणि आपणच केसभर पुढे, केसभर मागे व्हायचं. जो माणूस एका जागी उभा राहू शकत नाही, त्याच्यासाठी ही लेन्स म्हणजे शिक्षा होती.

सावलीवर त्याने तोड काढली. मिठाईच्या डब्यातला बटर पेपर दिव्यापुढे लावला, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची ताटली उभी केली. उजेड मऊ झाला. मग रत्नप्रभाचा एक ग्रॅमवाला हार आणून त्याचा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर मोठा केला.

"अगं बाई," रत्नप्रभा म्हणाली, "माह्या हाराले देवी निघाल्या काय?"

खरंच, मुलामा सोललेल्या संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत दिसत होता. हा दोष लेन्सचा की हाराचा, हे नंदकिशोरला ठरवता येईना. त्यासाठी खरं सोनं हवं. बाबाराव चाचणीसाठी सोनं घरी देणार नव्हते. नंदकिशोरची नजर बायकोच्या गळ्याकडे गेली.

"नाई," ती म्हणाली.

"मी काई बोललोच नाई."

"तुमची नजर बोलली. डोरलं निघनार नाई."

तिच्या गळ्यात काळ्या मण्यांत ओवलेलं डोरलं होतं, उलट्या वाटीसारखं फुगीर, कडेला सोन्याच्या बारीक रव्यांची ओळ. लग्नात घातलं ते घातलं.

"पाच मिनिटं वं."

"आंघोळीले नाई निघालं. एक्सरेच्या वक्ती काढा म्हनलं, तं मी पाठीवर सारलं. अन् तुमच्या भिंगासाठी काढू?"

"मंग गळ्यातच राहू दे. इथं बस."

ती पासपोर्टच्या स्टुलावर बसली, हनुवटी वर, मांडीवर लसणाचं ताट. नंदकिशोरने तिच्या मानेमागे पांढरा टॉवेल लावला, डोरल्याखाली काळा कापडाचा तुकडा खोचला आणि लेन्स चार बोटांवर आणली. डोरलं स्पष्ट झालं, धूसर झालं, स्पष्ट झालं, धूसर झालं.

"तू श्वास कायले घेऊन राह्यली?"

"सवय हाय," रत्नप्रभा म्हणाली.

"रोखून धर ना जरा."

तिने धरला. त्याने बटण दाबलं आणि त्याचाच हात हलला. पुन्हा धरायला लावला. तिसऱ्यांदा ती खोकली आणि लसणाच्या पाकळ्या फरशीवर सांडल्या. "मी मरून जाईन अन् तुमचा फोटो चांगला येईन," ती म्हणाली. नंदकिशोर उठला, दारापर्यंत गेला, परत आला, ट्रायपॉडला लाथ मारता मारता थांबला. मग भिंतीला टेकून नुसतं तिच्याकडे पाहत राहिला. ती आत श्वास घेई, सोडी, आणि सोडल्यावर पुढचा घेण्याआधी क्षणभर काहीच होत नसे. डोरलं तेवढा वेळ स्थिर असे.

तो गुडघ्यांवर बसला. तिच्याबरोबर श्वास घ्यायचा, तिच्याबरोबर सोडायचा, आणि त्या रिकाम्या क्षणात बटण. पहिले काही चुकले. मग एकदा जमलं, मग दोनदा. सोन्याच्या चकाकत्या कडेला जांभळी किनार येत होती, स्वस्त काचेची खोड. लेन्समधलं उजेड आत येण्याचं छिद्र थोडं लहान केल्यावर ती गेली. फार लहान केलं तर फोटोचीच धार बोथट होते, हेही त्याने पाहून घेतलं. या सगळ्या वेळात आपला पाय हलला नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नाही. रत्नप्रभाच्या आलं. ती बोलली नाही, कारण बोललं तर डोरलं हललं असतं.

पडद्यावर फोटो मोठा केला आणि नंदकिशोर ओरडलाच. एकेक रवा वेगळा, मोहरीसारखा गोल. दोन रव्यांमधे अडकलेला हळदीचा कणसुद्धा दिसत होता. "पाह्य! पाह्य! यवतमाळवाल्याचा बाप काढन काय असा?"

रत्नप्रभा चष्मा धरून पुढे वाकली. काडी तुटलेली असल्याने तो एका हाताने धरावाच लागे. वाटीच्या कडेला दोन बारीक खोलगट खळ्या शेजारी शेजारी होत्या.

"हे अनिमेषचे दात," ती हळूच म्हणाली. "दात येत होते तवा रडला का मी त्याले उचलून घ्याची, अन् तो हेच चावे. मले वाटलं, पुसले गेले असन."

नंदकिशोर दुसरीकडे पाहत होता. ज्या कडीतून मण्यांची तार ओवली होती, ती कडी वरच्या बाजूला झिजून केसाएवढी उरली होती. साध्या नजरेला ती धड दिसायची. फोटोत ती आता जाईल की मग, एवढंच बाकी होतं.

"हे तुट—" म्हणता म्हणता त्याने जीभ चावली.

"वाढन म्हना," रत्नप्रभाने दटावलं. पण हात गळ्याकडे गेला. त्या दिवसापासून ती डोरलं मुठीत धरूनच पाणी भरायला, बाजारात, सगळीकडे जाऊ लागली.

"बाबारावकडे दे ना. कडी बदलून देते."

"नाई देत. माह्या माहेरी फुलसावंगीले सोनार घरी ये. अंगनात शेगडी मांडे, अन् माय समोर पाटावर बसून राहे. त्यानं पानी पेलं तरी मायची नजर दागिन्यावर. सोनं नजरेआड करू नये. बाबाराव कारागिराले यवतमाळले पाठोते. तिथं मी जाऊन बसू काय?"

रविवारी अनिमेषचा फोन आला, नेहमीचा. नंदकिशोरने तो बोलत असताना स्टुडिओतून चौकापर्यंत आणि चौकातून पेट्रोलपंपापर्यंत चालून घेतलं. "उद्या सांगतो," एवढंच म्हणाला.

सोमवारी तो कॅमेरा, बटर पेपर आणि थर्माकोलची ताटली घेऊन निघाला. रत्नप्रभाला कडी निदान दाखवायला तरी चल म्हणून मागे लागून आणलं. ती गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली, मूठ गळ्याशी.

बाबारावांनी एक कोरं करकरीत डोरलं काउंटरवर ठेवलं. इथे श्वासाची भानगड नव्हती. नंदकिशोरने झटक्यात पाच-सहा फोटो काढले आणि कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यापुढे धरला. बाबारावांनी पाहिलं. जवळ घेऊन पाहिलं. त्यांचा चेहरा पडला.

"हे माह्या दुकानातलं हाय?"

"आत्ताच तं ठेवलं तुमी."

"नंदूभाऊ, हे नवं हाय का विहिरीतून काढलं? हे काय, कानशीचे वळ? हा डाग कायचा?"

"जोडाच्या जागी डाक लावला, त्याचा हाय जी. समद्यालेच असते. लेन्स खरं दाखोते."

"मले खरं कायले पाह्यजे? मले दागिना इकाचा हाय, त्याची कुंडली नाई मांडाची!" बाबारावांनी मोबाइल काढला. "हे पाहा. सकाळीच दाखवून गेला यवतमाळवाला."

त्या फोटोंत डोरलं लोण्यातून काढल्यासारखं गुळगुळीत होतं. एक कण नाही, एक रेघ नाही. नंदकिशोरने घाईघाईने लेन्स हातभर मागे नेली आणि पुन्हा काढला. वळ दिसेनासे झाले. बाबारावांनी मान डोलावली. "आता बरा हाय. पन एवढा तं त्याचा बी हाय, अन् त्याच्यापाशी मोठे लाइट हाय. राग नोका मानू."

नंदकिशोर दुकानाबाहेर गेला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. आपण चाचणी नीट घेतली, आणि नेमकं हेच तपासायचं राहिलं, की सराफाला काय नको आहे. इतके दिवस जी धार पाहून तो उड्या मारत होता, तीच धार त्याच्या पोटावर आली होती. लेन्स उद्या परत. आणि मग पुणं. त्याने थर्माकोलची ताटली उचलली.

"चाल वं," तो बायकोला म्हणाला.

"थांबा ना. कडी दाखवाची हाय म्हनले ना." ती उठून काउंटरशी आली. कडी पाहून बाबारावही गंभीर झाले.

"वहिनी, हे आजच ठेवून जा. कारागीर यवतमाळले बसते. परवा भेटन. पावती देतो." त्यांनी पावती फाडली. तिने ती चष्मा धरून वाचली. डोरलं एक, कडी दुरुस्ती, वजन.

"अन् हे माह्यंच डोरलं हाय, हे कुठं लिहिलं?"

"नाव हाय ना तुमचं."

"नाव कागदावर हाय. डोरल्यावर कुठं हाय? असे डोरले गावात शंभर बायांच्या गळ्यात हाय."

"वहिनी! मी काय बदलून देईन तुमाले?"

"तुमी नाई देनार. पन एका थैलीत दहा जातीन अन् दहा येतीन. मंग माह्यं कोनतं, हे तुमाले तरी कसं समजन?"

बाबारावांनी पानाचा डबा उघडला आणि न खाता बंद केला. "आता तुमाले काय सांगू," ते म्हणाले, "मांगच्या महिन्यात दोन जावांचे झुमके एकमेकीकडे गेलते. या गादीवर असं महाभारत झालं का मी मांगच्या दारानं बाहेर पडलो. अजून एक जन दुसरीचे म्हनून घालतच नाई."

रत्नप्रभा नवऱ्याकडे वळली. "दाखवा ना त्याइले तो फोटो."

"कोनता?" नंदकिशोर दारात, एक पाय पायरीवर.

"आपल्या घरचा. दाताचा."

त्याने तो कॅमेऱ्यात शोधून पुढे केला. बाबारावांनी फोटो पाहिला, मग काउंटरखालून आपलं भिंग काढून तिच्या मुठीतल्या डोरल्यावर धरलं, मग पुन्हा फोटो. खळ्या तिथेच होत्या, शेजारी शेजारी. रव्यांच्या ओळीत एक रवा जरा चेपलेला, तोही तिथेच.

"एक फोटो माह्यापाशी राहीन," रत्नप्रभा म्हणाली, "अन् एक तुमच्यापाशी. मंग न्या. दुसरं आलं तं मी इथंच बसन."

तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली. आत हळकुंड बांधलेला पिवळा दोरा होता. म्हणजे घरून निघतानाच तिने तो बरोबर घेतला होता. ती आतल्या खोलीत गेली, दोरा गळ्यात बांधला, मगच डोरलं काढलं आणि बाहेर येऊन काउंटरवर ठेवलं. नंदकिशोरने त्याचा फोटो काढला. आता ते श्वास घेत नव्हतं, आणि तरी त्याने उगाच थोडी वाट पाहिली.

बाबाराव त्या पडद्याकडे बघत राहिले होते. मग म्हणाले, "नंदूभाऊ, दुरुस्तीले येनाऱ्या समद्याच दागिन्याचा असा फोटो काढता काय? आला तवा एक, गेला तवा एक. जसा हाय तसा. कानशीचे वळ, डाग, समदं."

"मंघाशी तं कुंडली नोको होती."

"ते नव्याची. जुन्याची पाह्यजेच ना! बायको नवी आनताना कोन एवढं पाह्यते, पन भांडन झालं का समदं निघते." मग रत्नप्रभाकडे पाहून त्यांनी जीभ चावली. "म्हंजे उदाहरन दिलं."

"कळलं," रत्नप्रभा म्हणाली.

"रोज दुपारी या इथं," बाबाराव पुढे म्हणाले. "बाया दुपारीच येते. खुर्ची टाकतो तुमाले. मोबाइलवरचे फोटो तो यवतमाळवाला काढन, हे तुमी."

नंदकिशोरने लगेच हो म्हटलं नाही. तो बाहेर पडला आणि बसस्टँडपर्यंत चालत गेला. शेअर जीपवाले दिग्रस-दिग्रस ओरडत होते. दुपारभर एका काउंटरशी. वडिलांची खुर्ची, आजोबांची खुर्ची. पण आठव्या मजल्यावरच्या त्या गॅलरीपेक्षा हा रस्ता तरी समोर होता, आणि हे काम चांगल्या कॅमेऱ्याचं नव्हतं, मोठ्या लाइटचंही नव्हतं. चार बोटांवरून जे दिसतं तेवढंच त्यात लागत होतं. तो परत आला तेव्हा रत्नप्रभा पायरीवर उभी होती.

"फिरून झालं?" तिने विचारलं.

"तीनला येत जाईन म्हनून सांग त्याइले."

"मी तं मंघाशीच सांगतलं."

मंगळवारी, आधीच नोंदवून ठेवल्याप्रमाणे, पार्सल परत न्यायला माणूस आला आणि स्टुडिओला कुलूप पाहून त्याने फोन केला. नंदकिशोर त्या वेळी सराफाच्या काउंटरवर वाकलेला होता. समोर तानाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंचा मनगटातला चांदीचा गोट होता, फट पडलेला.

"नाई द्याची परत," तो फोनवर म्हणाला. "ठेवून घेतली. रद्द करा." आणि फोटो तानाबाईंपुढे धरला.

तानाबाईंनी बराच वेळ पाहिलं. पडद्यावर डोंगर, दऱ्या आणि मधोमध काळी भेग.

"हा माहा नाई," त्या म्हणाल्या.

"तुमचाच हाय आजी. आत्ता तुमच्या हातातून काढला."

"माहा गोट असा नाई. मी का पाह्यला नाई तो? साठ वर्सं हाय हातात."

बाबाराव गादीवरून हसू लागले. नंदकिशोर हसला नाही. त्याने लेन्स हातभर मागे नेली, गोट पुरता चौकटीत घेतला आणि दुसरा फोटो काढला. तानाबाईंचा चेहरा उजळला. "हं. हा माहा."

मग त्याने ठरवून टाकलं. प्रत्येक दागिन्याचे दोन फोटो काढायचे. एक लांबून, बाईला आपला दागिना ओळखू यावा म्हणून. एक चार बोटांवरून, कुणी नाही म्हटलं तर दाखवायला. तानाबाईंनी दोन्ही मोबाइलवर घेतले, जवळच्याकडे पाहून पुन्हा एकदा नाक मुरडलं, आणि त्यांच्यामागे जोडवी घेऊन उभी असलेली बाई पुढे सरकली.